घुमारा

विक्रोळीला, टागोरनगरात, पिठाच्या गिरणीला लागून
तळमजल्यावर आमचं सेंटर.
सोम, बुध, शुक्र. चार तास.
आत जाताना वजन, बाहेर येताना वजन,
मधल्या फरकाला आम्ही पाणी म्हणतो.
गिरणीचा पट्टा सुरू झाला की सलाइनचे स्टँड थरथरतात
आणि भिंतीतून ज्वारीचा वास येतो, गरम.

मी चार नंबर. रेशनिंग ऑफिसातून निवृत्त.
गाण्याशी संबंध एवढाच की
शाळेत बाई म्हणाल्या होत्या, कुंदा, तू नुसते ओठ हलव.
ते मी पुढे पन्नास वर्षं हलवले.

पाच नंबरवर गंगाराम खैरमोडे.
बारशी, हळदी, ऑर्केस्ट्रा, कुठेही ढोलकी वाजवलेली.
डाव्या हातात फिस्टुला केला तेव्हा डॉक्टर म्हणाले,
या हाताने ओझं नाही, ठोका नाही,
डोक्याखाली घेऊन झोपायचंही नाही.
म्हणजे घुमारा गेला, खैरमोडे म्हणाले.
मला कळलं नाही.
म्हणजे उजव्याची नुसती बडबड उरली, बाई.
खालून धरणारं कुणी नाही.

दोन महिने ते छताकडे बघत राहिले.
जीभ कोरडी पडली की लिसी सिस्टर बर्फाचा एक खडा द्यायची,
तो गालात धरून ते मोजायचे, विरघळेपर्यंत.
किती मात्रा झाल्या, कधी सांगितलं नाही.

मग एका शुक्रवारी मशीन ओरडलं,
पीं पीं पीं पीं,
कुणाची तरी नळी दुमडली असेल,
आणि त्यांचा उजवा हात, तोच मोकळा,
आमच्या मधल्या स्टीलच्या ट्रेवर पडला.
दोन पींच्या मधल्या फटीत बोटं शिरली.
लिसीने अलार्म बंद केला. बोटं थांबली नाहीत.
फक्त एका जागी दर वेळी अडखळायची.
अडखळायची नव्हे, वाट बघायची,
अंधारात जिन्याची पायरी संपली असं वाटतं
आणि पाऊल हवेतच राहतं, तसं.

आता माझं सांगते.
मी डावखुरी.
डाव्या हाताने भात कालवला म्हणून
आईने उलथनं मारलेलं, वण आहे अजून.
शिक्केही डाव्यानेच मारले, चोवीस वर्षं,
रांगेतल्या बायका कुजबुजायच्या, साखर पुरायची नाही.
डावखुरी, म्हणून माझा फिस्टुला उजवीकडे.
म्हणजे दोन खाटांच्या मधे
त्यांचा उजवा मोकळा, माझा डावा मोकळा,
आणि ट्रे एक.

मी विचार केला नाही.
शिक्का मारतात तशी मूठ आपटली, त्या रिकाम्या जागेवर.
खैरमोड्यांनी मान वळवली नाही.
म्हणाले, तिथंच. परत.

यातून कुणी बरं झालं असं नाही.
क्रिएटिनिन जिथल्या तिथे.
सात नंबरच्या मुमताजबी, गोवंडीहून यायच्या,
बांगड्यांनी साथ धरायच्या एका हाताच्या,
त्या रमजानच्या आधी गेल्या.
कोपऱ्यातल्या प्रणयच्या पोटऱ्यांत गोळे येतात,
बारावीचा पोर, पूर्वी किंचाळायचा.
आता दात आवळून म्हणतो, काका, जलद.
आम्ही जलद करतो.
कधी गोळा आधी जातो, कधी आमचे हात.

रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवायची, लिसी सांगते.
थरथर लागली पाहिजे.
कान लावला तर ऐकूही येते.
थांबली, तर तडक यायचं.
तीन वर्षं ती थरथर मी
गॅस बंद केलाय ना बघतात, तशी बघितली.

परवा खैरमोड्यांनी विचारलं, तुमचा सूर कुठला?
मी म्हटलं, मला सूर नाही.
हाताला विचारा, म्हणाले.

काल पहाटे साडेचारला उजवं मनगट कानाशी धरलं.
घूंऽऽ, मग थोडी ओहोटी, मग घूंऽऽ.
बाहेर दुधाचे क्रेट उतरत होते.
मी तोंड मिटूनच त्याच्या शेजारी एक आवाज ठेवला,
घसरला, पुन्हा ठेवला.
यांना जाग आली. काय गं, काय करतेस?
तपासतेय, म्हटलं. झोपा.